गुणपत्रिकेवर दाद कोणाकडे मागायची?

वैद्यकीय परीक्षांचे निकाल लागले की नागपुरात एक प्रश्न दरवर्षी नव्याने विचारला जातो. मेडिकलच्या वसतिगृहात तो ऐकू येतो, मेयोच्या आवारात ऐकू येतो आणि सदर किंवा सीताबर्डीतील झेरॉक्सच्या दुकानांसमोर अर्जाच्या प्रती काढीत उभ्या असलेल्या मुलामुलींच्या तोंडीही तोच असतो. चार-दोन गुणांनी एखादा विषय गेला. पेपर तर चांगला लिहिला होता. आता दाद कोणाकडे मागायची? प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे सरळ उत्तर बहुतेकांना ठाऊक नसते, आणि ज्यांना ठाऊक असते त्यांच्या हाती ते बहुधा उशिरा येते.

हा प्रश्न केवळ काही शेकडा विद्यार्थ्यांचा आहे असे समजण्याचे कारण नाही. वैद्यकीय शिक्षणाचा प्रत्येक अधिकचा महिना कोणाच्या तरी खिशातून जात असतो. यवतमाळ किंवा गडचिरोलीहून आलेल्या मुलाच्या बाबतीत तो शेतीच्या उत्पन्नातून, एखाद्या लिपिकाच्या भविष्य निर्वाह निधीतून किंवा बँकेच्या शैक्षणिक कर्जातून जातो. दुसऱ्या बाजूस, अपात्र उमेदवार उत्तीर्ण झाला तर त्याची किंमत कोण्या अनोळखी रुग्णाला मोजावी लागते. म्हणूनच गुणपत्रिकेतील आकडा बरोबर आहे की नाही, हे तपासण्याची व्यवस्था कशी असावी, हा सार्वजनिक हिताचा प्रश्न ठरतो.

तीन शब्द, तीन हक्क

या विषयावरील गोंधळाचे निम्मे कारण शब्दांत आहे. फेरमोजणी, छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन हे तीन शब्द विद्यार्थी एकाच अर्थाने वापरतात. वस्तुतः त्यांचा अर्थ वेगळा आहे, आणि कायद्याने त्यांना दिलेले स्थानही वेगळे आहे.

फेरमोजणी म्हणजे उत्तरपत्रिकेतील गुणांची बेरीज पुन्हा करून पाहणे आणि एखादे उत्तर तपासावयाचे राहून गेले आहे काय, हे पाहणे. यात परीक्षकाच्या मताला हात लावला जात नाही. छायाप्रत म्हणजे आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहावयास मिळणे. पुनर्मूल्यांकन म्हणजे दुसऱ्या परीक्षकाकडून तीच उत्तरे नव्याने तपासून घेणे. पहिली गोष्ट अंकगणिताची, दुसरी माहितीची आणि तिसरी निर्णयाची आहे. विद्यार्थ्याला खरोखर हवी असते ती तिसरी. न्यायालयांनी हक्क म्हणून मान्य केली आहे ती दुसरी. आणि विद्यापीठाच्या कार्यालयात सर्वांत सुलभपणे मिळते ती पहिली.

महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या परीक्षा १९९८ साली स्थापन झालेल्या, नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहेत. त्यापूर्वी आपले मेडिकल आणि मेयो ही दोन्ही महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. नागपुरात २०१८ मध्ये सुरू झालेल्या एम्सची गोष्ट वेगळी. ती संस्था आपल्या परीक्षा स्वतःच घेते. तेव्हा तक्रार करण्यापूर्वी आपली परीक्षा कोणी घेतली आणि त्या संस्थेच्या नियमांत वरीलपैकी कोणता शब्द आहे, हे पाहणे ही पहिली पायरी होय. नियमात पुनर्मूल्यांकन हा शब्दच नसेल, तर त्याचा अर्ज कितीही कळकळीने लिहिलेला असो, त्याला आधार राहत नाही.

न्यायालये काय म्हणतात?

या विषयावरील देशातील पहिला मोठा निर्णय महाराष्ट्रातीलच एका वादातून आला. राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या नियमांनी उत्तरपत्रिका पाहण्यास व पुनर्मूल्यांकनास मनाई केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती मनाई रद्द ठरविली. परंतु १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय फिरविला. लाखो विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका पुन्हा पुन्हा उघडाव्या लागल्या तर कोणताही निकाल कधीच अंतिम होणार नाही, आणि परीक्षेची व्यवस्था कशी असावी हे ठरविण्याचे काम त्या क्षेत्रातील जाणकारांवर सोडले पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय होता. दार बंद झाले ते सत्तावीस वर्षे बंदच राहिले.

ते उघडले माहितीच्या अधिकाराने. २००५ चा कायदा आल्यानंतर केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाविरुद्धच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी असे ठरविले की, तपासलेली उत्तरपत्रिका ही या कायद्याच्या अर्थाने ‘माहिती’ आहे, आणि परीक्षार्थीला आपली स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा व तिची प्रत घेण्याचा हक्क आहे. परीक्षकाचे नाव मात्र उघड करण्याची आवश्यकता नाही, आणि उत्तरपत्रिका जपून ठेवण्याची नियमातील मुदत संपल्यावर हा हक्कही संपतो. त्याच निर्णयाने हेही स्पष्ट केले की, पाहण्याच्या हक्कातून पुनर्मूल्यांकनाचा हक्क निर्माण होत नाही.

पुनर्मूल्यांकनाविषयी न्यायालयाची भूमिका त्यानंतरही बदललेली नाही. उत्तर प्रदेशातील शिक्षक निवडीच्या परीक्षेबाबत डिसेंबर २०१७ मध्ये दिलेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सूत्ररूपाने सांगितले की, नियमात तरतूद असेल तर पुनर्मूल्यांकन करता येईल. नसेल तर, ज्या चुकीसाठी तर्काची लांबलचक साखळी जोडावी लागत नाही अशी उघड चूक दाखविता आली, तरच आणि तेही अपवाद म्हणून न्यायालय हस्तक्षेप करील. संशयाचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला मिळेल. आंध्र प्रदेशातील आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या पदव्युत्तर परीक्षेबाबत २०२२ मध्ये याच तत्त्वाचा पुनरुच्चार झाला. तेथे उच्च न्यायालयाने उत्तरपत्रिका मागवून घेऊन पुनर्मूल्यांकनाचा मार्ग धरला होता. नियमात तशी तरतूद नसताना तसे करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. परीक्षा मंडळाकडे ग्राहक म्हणूनही दाद मागता येत नाही. परीक्षा घेणे ही ग्राहक कायद्याच्या अर्थाने ‘सेवा’ नव्हे, असे २००९ मध्येच ठरले आहे.

तात्पर्य असे की, आपल्या सिव्हिल लाइन्समधील उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची पायरी चढावयाची तर हाती केवळ ‘मला कमी गुण मिळाले’ ही भावना असून चालत नाही. एखादे उत्तर न तपासता राहिले, बेरीज चुकली, नियमाप्रमाणे जे परीक्षक असावयास हवे होते ते नव्हते, किंवा गुणतक्त्यात खाडाखोड झाली, असे काही कागदावर दाखविता आले पाहिजे.

घड्याळाचा हिशेब

येथपर्यंतचे चित्र पाहून कोणी म्हणेल की, निदान पाहण्याचा हक्क तरी मिळाला, हे काय कमी झाले? परंतु हक्काचे मोल तो केव्हा हाती येतो यावरही ठरते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. आज मिळणारा रुपया आणि वर्षाने मिळणारा रुपया यांची किंमत एक नसते.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदवीपूर्व शिक्षणविषयक नियमांनी एक चांगली सुधारणा केली. पुरवणी परीक्षा व तिचा निकाल मुख्य निकालापासून तीन ते सहा आठवड्यांत पूर्ण व्हावा, म्हणजे उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्याच तुकडीबरोबर पुढे जाता येईल, अशी ती तरतूद आहे. पुरवणीतही अपयश आले तर मात्र पुढील वर्षाच्या तुकडीत बसावे लागते. त्याच नियमांनुसार पहिल्या वर्षाची परीक्षा चारपेक्षा अधिक वेळा देता येत नाही, आणि प्रवेशापासून नऊ वर्षांनंतर अभ्यासक्रम चालू ठेवता येत नाही. म्हणजे प्रत्येक प्रयत्न मोजका आहे.

आता दुसरे घड्याळ पाहू. माहितीच्या अधिकाराखाली केलेल्या अर्जाला उत्तर देण्याची मुदत ३० दिवसांची आहे. उत्तर आले नाही किंवा नकार आला तर प्रथम अपिलाचा निर्णय ३० दिवसांत, आणि कारणे नोंदवून फार तर ४५ दिवसांत, व्हावयाचा असतो. त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करावयाचे. दोन्ही घड्याळे शेजारी ठेवली की दिसते ते असे: पुरवणी परीक्षा २१ ते ४२ दिवसांत आटोपते, आणि माहितीच्या वाटेवरील पहिले दोन टप्पेच ६० ते ७५ दिवस घेऊ शकतात. विद्यार्थ्याच्या हाती उत्तरपत्रिकेची प्रत येते तेव्हा तिचा उपयोग करण्याचा काळ निघून गेलेला असतो. हक्क कागदावर जिवंत असतो, पण व्यवहारात तो निरुपयोगी झालेला असतो.

यातून विद्यार्थ्याने घ्यावयाचा व्यावहारिक बोध स्पष्ट आहे. निकाल लागताच विद्यापीठाच्या परिपत्रकातील शेवटची तारीख पाहून फेरमोजणीचा व छायाप्रतीचा अर्ज महाविद्यालयामार्फत करावा. शुल्काची पावती व अर्जाची पोच जपून ठेवावी. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावयाचा असल्यास तो त्याच आठवड्यात करावा. त्याचे शुल्क दहा रुपये आहे, तेव्हा पैशाअभावी कोणी थांबण्याचे कारण नाही. प्रत हाती आल्यावर ती एकट्याने रागाच्या भरात न वाचता, त्या विषयाच्या एखाद्या अध्यापकासमवेत प्रश्नागणिक वाचावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अर्जाच्या भरवशावर पुरवणीचा अभ्यास एक दिवसही थांबवू नये. दोन्ही कामे एकाच वेळी चालली पाहिजेत.

जेथे कागदच नाही

वैद्यकीय परीक्षेचे एक वैशिष्ट्य मात्र असे आहे की, वरील सारे उपाय त्याच्या दारापाशी थबकतात. येथे लेखी परीक्षेइतकेच वजन प्रात्यक्षिकाला व तोंडी परीक्षेला असते. रुग्णाला तपासणे, त्याचा पूर्वेतिहास विचारणे, निदान मांडणे आणि परीक्षकांच्या प्रश्नांना उभ्याउभ्या उत्तरे देणे, यावर गुण मिळतात. दोन्हींना किमान गुणांची अट असल्यामुळे लेखीत उत्तम गुण मिळविलेला विद्यार्थीही येथे अडतो. आणि या परीक्षेची उत्तरपत्रिका नसते. छायाप्रत कशाची मागावयाची? फेरमोजणी कशाची करावयाची?

परीक्षकांची नियत चांगली असली तरी मते किती वेगळी पडू शकतात, याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेत घडले. मिसुरी विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयातील एका विद्यार्थिनीची लेखी परीक्षेतील कामगिरी चांगली होती, पण रुग्णालयातील काम असमाधानकारक ठरले. तिने अपील केले तेव्हा विद्यालयाने तिला सात बाहेरच्या डॉक्टरांकडे पाठविले आणि प्रत्येकाचे मत मागितले. दोघे म्हणाले, हिला वेळेवर पदवी द्यावी. दोघे म्हणाले, हिला ताबडतोब काढून टाकावे. उरलेल्या तिघांचे मत होते की आणखी काही काळ परीक्षणाखाली ठेवावे. अखेर तिला काढण्यात आले, आणि १९७८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने विद्यालयाच्या बाजूने निर्णय दिला. असा शैक्षणिक निर्णय न्यायालयी सुनावणीच्या साच्यात बसत नाही, असे त्याने म्हटले.

न्यायालयाचे म्हणणे चुकीचे होते असे मला वाटत नाही. न्यायाधीशाने रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहून गुण देणे हे कोणालाच नको आहे. परंतु सात अनुभवी डॉक्टरांची तीन मते होतात, तेव्हा एखाद्या परीक्षकाच्या मनात क्षणभरात उमटलेल्या आकड्यावर एक वर्ष अवलंबून ठेवणे कितपत योग्य, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर निकालानंतरच्या अपिलात नसून परीक्षेच्या रचनेत आहे. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेली पद्धत याच दिशेची होती. विद्यार्थी एकामागून एक अनेक ठाण्यांवर जातो. प्रत्येक ठाण्यावर एक ठरलेले काम, ठरलेला वेळ आणि काय केले नि काय राहिले याची ठरलेली यादी असते. एका परीक्षकाच्या लहरीचे वजन त्यामुळे घटते आणि मागे कागद उरतो. ही ‘ऑस्की’ आपल्या विद्यार्थ्यांना अपरिचित नाही. प्रश्न आहे तो तिच्या नोंदी विद्यार्थ्याला दाखविण्याचा.

दोन आक्षेप

याला दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला असा की, दाद मागण्याची वाट रुंद केली की तिच्यातून भ्रष्टाचार शिरतो. महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. मुंबई विद्यापीठाच्या १९८५ च्या एम. डी. परीक्षेत तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या कन्येच्या हितासाठी गुणतक्त्यात फेरफार झाल्याचा आरोप एका अनुत्तीर्ण उमेदवाराने उच्च न्यायालयात केला. एकल न्यायाधीशांचा निर्णय प्रतिकूल गेला आणि मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांनी मार्च १९८६ मध्ये राजीनामा दिला. अपिलात मुख्यमंत्र्यांविरुद्धचा थेट निष्कर्ष जसाच्या तसा राहिला नाही, तरी प्रतिकूल अभिप्राय राहिले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आपल्या नागपूर विद्यापीठातही पैशाच्या मोबदल्यात गुण वाढवून दिल्याचे प्रकरण १९९९ मध्ये उघडकीस आले आणि अधिकाऱ्यांवर फौजदारी खटले झाले.

परंतु या प्रकरणांचा अर्थ नीट लावला पाहिजे. गुण वाढविले गेले ते बंद खोलीत. मुंबईचे प्रकरण न्यायालयात उभे राहू शकले, कारण तपासून पाहता येईल असा गुणतक्ता मागे उरला होता. जे सर्वांना दिसते त्यात फेरफार करणे कठीण असते. जे कोणालाच दिसत नाही त्यात ते सोपे असते. १९८३ मध्ये कानपूर विद्यापीठाच्या वैद्यकपूर्व प्रवेश परीक्षेचा वाद सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा विद्यापीठाने निकालाबरोबर उत्तरसूची प्रसिद्ध केली होती म्हणूनच त्या सूचीतील चुका उघड झाल्या. न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने निर्णय दिला, तसेच उत्तरसूची प्रसिद्ध करण्यातील न्यायबुद्धीची दखलही घेतली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. डॉक्टरीची परीक्षा कठोरच असली पाहिजे; तिथे सवलतीला जागा नाही. हे सर्वस्वी मान्य आहे. परीक्षेत दोन प्रकारच्या चुका होतात: पात्र विद्यार्थी अनुत्तीर्ण होणे आणि अपात्र विद्यार्थी उत्तीर्ण होणे. पहिल्या चुकीचा बळी विद्यार्थी असतो. तो अर्ज करतो, रांगेत उभा राहतो, न्यायालयात जातो. दुसऱ्या चुकीचा बळी रुग्ण असतो. आपल्याशी काय चुकले हे त्याला बहुधा कळतही नाही, आणि तो कोणत्याही परीक्षा नियंत्रकाकडे अर्ज घेऊन येत नाही. अपिलाच्या कोणत्याही व्यवस्थेत केवळ पहिलीच बाजू बोलते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. म्हणूनच मागणी ढिलाईची असू नये, अचूकपणाची असावी. फेरतपासणी झालीच तर तीत गुण वाढू शकतील तसे कमीही होऊ शकतील, हे विद्यार्थ्याने मान्य केले पाहिजे. बाजारातील तराजू वैधमापन निरीक्षक तपासतो तो गिऱ्हाइकाला झुकते माप मिळावे म्हणून नव्हे. माप खरे असावे म्हणून. प्रामाणिक दुकानदाराला त्यात अपमान वाटत नाही.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, निकालाबरोबरच किंवा त्यानंतर एका आठवड्यात प्रत्येक अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला त्याच्या उत्तरपत्रिकेची प्रत मागता क्षणी मिळावी. जेथे उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासल्या जातात, तेथे प्रतिमा तयारच असते. ती पाठविण्याचा अधिकचा खर्च जवळजवळ शून्य आहे. जी वस्तू देण्यास खर्च नाही आणि न देण्याची किंमत एक वर्ष आहे, ती अडवून ठेवणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. दुसरी, प्रश्नागणिक गुणवाटप व अपेक्षित मुद्दे निकालानंतर प्रसिद्ध व्हावेत. तिसरी, प्रात्यक्षिकात प्रत्येक परीक्षकाने आपले गुण स्वतंत्रपणे आणि ठरलेल्या यादीवर नोंदवावेत, आणि ती यादी विद्यार्थ्याला पाहता यावी. चौथी, उघड चूक दाखविणाऱ्या अर्जावर पुरवणी परीक्षेपूर्वी, कारणे देऊन, लेखी निर्णय व्हावा. निर्णय नकाराचा असला तरी चालेल. परंतु त्यात कारण असावे.

यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही, की परीक्षकाच्या मताचा अधिकार कमी होत नाही. मी स्वतः दरवर्षी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासतो. आपण दिलेला आकडा त्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे जाणार आहे, हे ठाऊक असले की हात आपोआप सावध होतो, असा अनुभव अनेक अध्यापकांचा असेल.

उद्या हेच विद्यार्थी डॉक्टर होतील. रुग्णाच्या नातेवाइकांनी ‘असे का झाले?’ असे विचारले तर त्यांनी कागद पुढे ठेवून शांतपणे उत्तर द्यावे, अशी समाजाची त्यांच्याकडून अपेक्षा असते. ती रास्तही आहे. विद्यापीठाने त्यांना शिकत असतानाच तसे उत्तर दिले, तर हा धडा त्यांना वेगळा शिकवावा लागणार नाही.